काळा पाषाण आणि अनाम पाथरवट
महाराष्ट्रातील मंदिरशिल्पाची परंपरा व जीर्णोद्धाराचे कर्तव्य

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की डोळ्यांपुढे नवा कळस, प्रशस्त सभामंडप, गुळगुळीत फरशी आणि देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक उभा राहतो. गावाने एकदिलाने वर्गणी काढावी, नोकरीधंद्यानिमित्त परगावी गेलेल्या मंडळींनी यथाशक्ती हातभार लावावा आणि पडझड झालेले देवालय पुन्हा उभे राहावे, यासारखे दुसरे पुण्यकर्म नाही. परंतु ज्या देवालयाचा उद्धार करावयाचा, ते मुळात कोणी घडविले, कसे घडविले आणि त्याच्या हातचे आज काय शिल्लक आहे, हे प्रश्न अशा प्रसंगी सहसा कोणी विचारीत नाही. राजांची नावे ताम्रपटांत राहिली. दानशूरांची नावे शिलालेखांत राहिली. ज्याने हाती टाकी धरली, त्या पाथरवटाचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी कोठेच नाही. त्याने घडविलेला दगड हीच त्याची सही होय. तो दगड फुटला, पुरला गेला किंवा रंगाखाली बुजला की त्या माणसाची शेवटची खूण पुसली जाते. म्हणूनच या कलेची थोडीबहुत ओळख जीर्णोद्धाराच्या प्रसंगी करून घेणे उचित ठरेल.

पाषाणाचा स्वभाव

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या दगडावर वसला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या तप्त रसाचे थरांवर थर साचून तयार झाला. भूशास्त्रज्ञ त्यास बसाल्ट म्हणतात. गावात त्याला नुसते काळा दगड किंवा काळा पाषाण म्हणतात. सह्याद्रीच्या कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात ते या थरांचेच.

हा दगड कठीण आहे. वालुकाश्म किंवा संगमरवर ज्या मानाने छिन्नीला वश होतो, त्या मानाने हा होत नाही. शिवाय मूळ रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. कोठे पोकळी राहते, तर कोठे तिच्यात गारगोटी साचलेली असते. वरून निर्दोष दिसणाऱ्या दगडात आत काय आहे, हे टाकी लावल्यावरच समजते. मूर्तीचे नाक घडविताना अशी पोकळी लागली तर महिन्याभराची मेहनत वाया जाते. मातीच्या कामात चूक झाली तर माती पुन्हा लावता येते, दगडात मात्र एकदा उडालेला कपचा परत बसत नाही.

प्रत्येक प्रदेशाच्या कलेला तेथील दगडाने वळण दिले आहे. कोकणात जांभा दगड विपुल, पण तो सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून कोकणच्या मंदिरांत लाकडावरील कोरीव काम बहरले. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथे वालुकाश्म मिळाला आणि तेथील मंदिरांच्या भिंती मूर्तींनी गजबजून गेल्या. गोव्यात तांबडी सुर्ला येथे कदंबकालीन महादेव मंदिर उभारण्यासाठी घाटमाथ्याकडून पाषाण आणावा लागला, असे अभ्यासक सांगतात. घाटावर मात्र काळा पाषाण पायाखालीच होता.

शिखरापासून पायापर्यंत

या पाषाणाशी महाराष्ट्राची ओळख प्रथम लेण्यांमधून झाली. भाजे, कार्ले, अजिंठा, वेरूळ येथील डोंगर पाथरवटांच्या अनेक पिढ्यांनी पोखरले. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले आहे. पूर्ण झालेली लेणी पाहून जे कळत नाही ते या अपुऱ्या लेण्यात कळते, ते म्हणजे दगड कोठून फोडावयास घेत आणि खांबांसाठी तो कसा राखून ठेवीत.

या परंपरेचा परमोच्च बिंदू म्हणजे वेरूळचे कैलास लेणे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, त्याचे मुख्य काम झाले असे मानले जाते. डोंगरात सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असा चर खोदून मध्ये राखलेल्या एकाच खडकातून हे मंदिर कोरून काढले आहे. मागील बाजूस डोंगराची उभी भिंत १०० फुटांहून अधिक उंच आहे. इतर मंदिरांचे काम पायापासून सुरू होते आणि कळसाशी संपते. कैलासाचे काम कळसापासून सुरू झाले आणि पायाशी संपले. वरच्या टोकाला छिन्नी लावणाऱ्यास खालच्या हत्तीची जागा आधीच ठाऊक असावी लागली.

या लेण्याविषयी मराठीत एक कथा चालत आली आहे. राजाच्या आजारपणात राणीने शंकराला नवस केला की देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, पण देऊळ पुरे व्हायला वर्षे लागणार. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने डोंगराच्या माथ्यावरूनच काम आरंभिले, आठवड्याभरात शिखर दाखविले आणि राणीचा उपास सोडविला. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथात ही कथा येते. कथेतील आठवडा खरा मानण्याचे कारण नाही, पण लोकांनी एका कारागिराचे नाव कथेतून का होईना जपले, ही गोष्ट मोलाची आहे.

याहून बोलका पुरावा इ.स. ८१२ च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटात आहे. त्यात या मंदिराचे वर्णन करताना म्हटले आहे की, ते पाहून विमानातून जाणाऱ्या देवांना आश्चर्य वाटले आणि ज्याने ते घडविले तो शिल्पीदेखील आपल्या हातून हे कसे झाले म्हणून थक्क झाला. पुन्हा असे घडविता येईल असे त्याला वाटेना. राजाच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या लेखात शिल्प्याच्या मनाला एवढी जागा मिळाली. त्याचे नाव मात्र तेथेही नाही.

हेमाडपंती म्हणजे काय

पुढे डोंगर कोरण्याऐवजी घडीव चिरे रचून मंदिरे बांधण्याची पद्धत रूढ झाली. चुन्याशिवाय रचलेल्या काळ्या दगडाच्या जुन्या देवळास गावोगाव हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आहे. हेमाद्रि तथा हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. परंतु कल्याणजवळच्या अंबरनाथ येथील शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. ते शिलाहार राजांच्या काळातील मंदिर हेमाडपंतापूर्वी दोनशे वर्षे उभे होते. यावरून ही पद्धत त्याच्याही आधीची ठरते. मंत्र्याच्या नावाने ती ओळखली गेली आणि तिला जन्म देणारे हात विस्मृतीत गेले.

या पद्धतीत एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात नेमका बसणारा उंचवटा ठेवीत. दगडाचे वजन हाच त्याचा सांधा. गाभाऱ्यावरील छत करताना कोपऱ्यांवर आडवे दगड टाकून चौकोनाचा अष्टकोन करीत आणि मग वर्तुळाकार थर एकावर एक, दर वेळी थोडे आत सरकवून रचीत. शेवटी मध्यभागी एका दगडाएवढी जागा उरे आणि तेथे कमळ कोरलेली शिळा बसे. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात मान वर करून पाहणारा भाविक काही क्षण देवदर्शनही विसरतो, ते अशा छतांमुळेच.

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहावे म्हणजे शिखराची रचना लक्षात येते. चार बाजूंस खालपासून वरपर्यंत गेलेले उभे पट्टे आणि त्यांच्या मध्ये लहान लहान शिखरांच्या ओळी, अशा या शैलीस भूमिज म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोलाकार मोकळे ठेवले असून त्याला ४८ खांबांचा आधार आहे. पुणे जिल्ह्यातील यवतजवळच्या भुलेश्वराच्या भिंतींवर स्त्रीरूपातील गणेशाचे दुर्मीळ शिल्प आहे. ज्याला शक्य असेल त्याने ही स्थाने एकदा तरी पाहावीत.

दगड घडतो कसा

खाणीतून दगड निवडताना पाथरवट प्रथम त्यावर हातोडी मारून आवाज ऐकतो. घंटेसारखा खणखणीत नाद आला तर दगड एकजीव, बद्द आवाज आला तर आत चीर आहे असे समजावे. प्राचीन शिल्पग्रंथांनी नादावरून व लक्षणांवरून शिळेचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे भेद केले आहेत आणि मूर्तीसाठी कोणती, पीठासाठी कोणती हेही सांगितले आहे. शास्त्र ग्रंथात होते, तसे ते कारागिराच्या कानातही होते.

दगड फोडावयाचा तर हव्या त्या रेषेत भोके पाडून त्यांत लोखंडी पाचरी बसवितात आणि त्यांवर एकामागून एक सारखे घाव घालतात. एकाच पाचरीवर जोर दिला तर दगड भलतीकडे फुटतो. पहार, घण व सुतकी ही खाणीतली हत्यारे. गुण्या आणि ओळंबा ही मापाची. छिन्नी, टाकी आणि हातोडी ही घडणीची. गेरूने किंवा कोळशाने आकृती रेखून आधी ठोकळ भाग काढावयाचा, मग अवयव, मग अलंकार आणि सर्वात शेवटी डोळे. झिलईसाठी कुरुंदाचा दगड, वाळू आणि पाणी. काळ्या पाषाणावर टाकीचे टोक लवकर बोथट होते. ते पुन्हा तापवून, ठोकून, त्याला पाणी द्यावे लागते. म्हणून पाथरवटाच्या शेजारी लोहाराचा भाता असावाच लागे. मंदिराच्या प्रत्येक मूर्तीत लोहाराचाही वाटा आहे.

हीच माणसे गावासाठी जाते, पाटा-वरवंटा, उखळ आणि गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीही घडवीत. झिजलेल्या जात्याला टाकी लावून देण्यासाठी टाकारी दारोदार फिरत असे, ही आठवण गावातील वडीलधाऱ्यांना असेल. वडार व पाथरवट समाजातील असंख्य स्त्रीपुरुषांनी उन्हातान्हात दगड फोडला, वाहिला आणि घडविला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण मूर्तीला उद्देशून वापरतो. घाव घालणाऱ्याच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांची आणि छातीत गेलेल्या दगडाच्या धुळीची म्हण मात्र कोणी केली नाही.

दगडाने राखलेली मराठी

पाथरवटाचे ऋण केवळ देवळापुरते नाही. अलिबागजवळील आक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा लेख मराठीतील आद्य शिलालेखांत गणला जातो. कागद जळतो, भूर्जपत्र कुजते. आपल्या भाषेची ती जुनी अक्षरे टाकीने कोरली म्हणून हजार वर्षे टिकली.

देणगीदारांना विशेष जवळचा वाटावा असा लेख पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात आहे. चौऱ्याऐंशीचा लेख या नावाने तो प्रसिद्ध आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळात मंदिरास ज्यांनी दान दिले त्यांची नोंद त्यात आहे. राजा रामचंद्रदेव आणि हेमाद्रि यांच्या नावांबरोबर इतर भक्तांचीही नावे त्यात आहेत. सातशे पन्नास वर्षांपूर्वीचा हा देणगीदारांचा फलकच होय. तेथे पाठ घासली असता चौऱ्याऐंशीच्या फेऱ्यातून सुटका होते, या श्रद्धेने भाविकांनी तो पिढ्यान् पिढ्या जपला.

गावोगावच्या देवळांसमोर, पाराखाली किंवा शिवेवर वीरगळ असतात. गावाच्या रक्षणासाठी किंवा गोधनासाठी लढून पडलेल्या वीराचे ते स्मारक. सामान्यतः खालच्या चौकटीत लढाई, तिच्या वर अप्सरा त्यास स्वर्गात नेत आहेत असा देखावा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेतो त्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली शिळा दिसली तर ती सतीशिळा समजावी. लिहिलेला इतिहास नसलेल्या गावाचा हा इतिहास आहे. अनेक ठिकाणी मात्र शेंदराच्या थराखाली चौकटी दिसेनाशा झाल्या आहेत आणि काही वीरगळ कपडे धुण्याच्या दगडांत जाऊन बसले आहेत.

पूर्वजांनी केलेले जीर्णोद्धार

इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढील पंचवीस वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले. मोठी मंदिरे उभारणारा आश्रय तुटला. कारागीर मात्र उरले. किल्ले, बारवा, नदीचे घाट, समाध्या यांच्या बांधकामावर त्यांची विद्या जगली. रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिरात एका पायरीच्या दगडावर हिरोजी इंदुलकर यांचे नाव कोरलेले आहे. ज्याने शिवछत्रपतींची राजधानी बांधली, त्याने आपले नाव भाविकांची पावले जेथे पडतील अशा जागी ठेवले.

अठराव्या शतकात मंदिरांच्या पुनर्बांधणीस पुन्हा जोर आला. त्र्यंबकेश्वरचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी इ.स. १७५५ मध्ये बांधावयास घेतले. ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी पूर्ण झाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी घृष्णेश्वरापासून काशी विश्वेश्वरापर्यंत अनेक स्थानांचा उद्धार केला. औंढा नागनाथ येथे तर हा इतिहास एकाच भिंतीवर वाचता येतो. खाली यादवकाळातील कोरीव जोते व शिल्पांचे थर आहेत आणि वर नंतरच्या काळात बांधलेले शिखर आहे. वरचा भाग गेला म्हणून खालचा काढून टाकावा, असे त्या लोकांच्या मनात आले नाही. जे शाबूत होते त्याच्या खांद्यावर त्यांनी आपले काम ठेवले. नव्याने जुन्याचा आधार घ्यावा आणि त्यास आधार द्यावा, ही जीर्णोद्धाराची खरी रीत होय.

आजचे कर्तव्य

आज सिमेंट, संगमरवर, ग्रॅनाइट आणि तैलरंग सहज मिळतात. दगड कापण्याची व नक्षी काढण्याची यंत्रे आली आहेत. त्यामुळे वेळ वाचतो आणि कारागिराचे कष्ट कमी होतात, हे मान्य केले पाहिजे. गाव वाढले, उत्सवास गर्दी वाढली, तर मोठा मंडप हवाच. परंतु सोयीच्या भरात तीन गोष्टी घडतात आणि त्या पुन्हा सुधारता येत नाहीत.

पहिली, कोरीव दगडावर तैलरंग देणे. त्याने दगडातील ओल आत कोंडते आणि बारीक नक्षी थराखाली बुजते. तो रंग काढण्यासाठी पुढे घासकाम किंवा वाळूचा जोरदार मारा केला तर दगडाची कातडीच निघून जाते. दुसरी, जुन्या सांध्यांत सिमेंट भरणे. सिमेंट ताठ असते व ओल बाहेर जाऊ देत नाही. वाळू, गूळ, हिरडा घालून घाणीत मळलेला चुना अशा जुन्या कामाशी अधिक मिळून राहतो. तिसरी आणि सर्वात मोठी हानी म्हणजे, खंडित मूर्ती, तुटलेले खांब, जुनी द्वारशाखा आणि वीरगळ भरावात टाकणे किंवा नदीत सोडणे.

खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, हा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो आणि त्याचा मान राखावा. पण पूजेतून काढलेली मूर्ती आवारात एका ओट्यावर, छपराखाली, आदराने मांडून ठेवण्यास कोणाचीच आडकाठी नसावी. शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. तिची छायाचित्रांसह नोंद करून ठेवली तर चोरीस आळा बसतो आणि चोरी झालीच तर मूर्ती आपली असल्याचे सिद्ध करता येते. पाया खणताना काही सापडले तर काम थांबवून तहसील कार्यालयास व पुरातत्त्व खात्यास कळवावे. मंदिर संरक्षित स्मारक असेल तर खात्याच्या परवानगीवाचून दगडही हलवू नये.

या बाबतीत पंढरीनेच अलीकडे वाट दाखविली आहे. २०२४ साली विठ्ठल मंदिरात जतनाचे मोठे काम झाले. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवण्यात आले होते. नंतरच्या काळात चढविलेली आवरणे उतरवून मूळ दगडी रूप मोकळे करण्यात आले. ते काम चालू असता मे महिन्याच्या अखेरीस हनुमान दरवाजाजवळ जमिनीखाली एक तळघर आढळले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. देवाच्या वैभवासाठी पूर्वी जे चढविले तेही श्रद्धेनेच, आणि आता जे उतरविले तेही श्रद्धेनेच. उतरविल्यावर खाली दिसले ते कोणा अनाम पाथरवटाचे काम.

देणगीदारांच्या फलकावर अनेकांची नावे येतात आणि ती यावीतच. पंढरपूरच्या लेखाने ती परंपरा घालून दिली आहे. त्या फलकाच्या शेवटी ‘ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशा सर्व पाथरवट, वडार, लोहार व गवंडी बांधवांस’ एवढी एक ओळ कोरावयास फारसा खर्च येणार नाही. आणि नव्या कामावर ज्यांचे हात लागले त्यांची नावे तर ठाऊकच आहेत. ती पायरीच्या दगडावर का होईना, अवश्य कोरावीत.

पुढे कधी काळी हेही मंदिर जुने होईल आणि त्या वेळचे ग्रामस्थ त्याच्या उद्धारास सज्ज होतील. तेव्हा त्यांच्या हाती केवळ आजचे बांधकाम न पडता त्यामागच्या शतकांचे घडीव दगडही पडावेत, आणि ज्या हातांनी ते घडविले त्यांना ओळखण्याची दृष्टी पुढील पिढ्यांस लाभावी, हीच प्रभुचरणी प्रार्थना.